लॅबमध्ये फुकट जाते, बाबा म्हणतात कशाला राबतेस

तासगावजवळच्या एका गावातनं एका मुलीचं पत्र आलंय. नाव टाकू नका म्हणलीय, म्हणून टाकत नाही. पत्र लांबलचक आहे, मुद्द्याचं तेवढं देते.

"मॅडम, मी बीएस्सी भाग २ ला आहे, मायक्रोबायोलॉजी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या कॉलेजच्या सरांच्या ओळखीनं एका युनिव्हर्सिटीतल्या सरांच्या लॅबमध्ये जायला लागले. द्राक्षबागेच्या मातीतल्या फॉस्फेट विरघळवणाऱ्या बॅक्टेरियावर काम आहे. पगार नाही, स्टायपेंड नाही, लेटरपण नाही, सर म्हणाले ये शिकायला. आधी नुसतं ग्लासवेअर धुतलं, आता मीडिया (बॅक्टेरिया वाढवायचं खाद्य) बनवते, प्लेट्सवर उगवलेल्या कॉलनी (बॅक्टेरियांचे ठिपके) मोजते. मातीच्या सॅम्पलसाठी आमच्या भागातल्या बागा मीच मिळवून दिल्या, आमची पण एक एकर आहे त्यात. पीएचडी करणारा दादा म्हणतो पेपरमध्ये तुझं नाव टाकू. आता कॉलेज सुरू झालं तरी रोज ये म्हणतात, एसटीनं जाऊन-येऊन निम्मा दिवस जातो. परवा एका सॅम्पलच्या दोन प्लेट्सचा काउंट जुळेना तर दादा म्हणाला, मागच्याच्या आसपास टाक. मी टाकला. तेव्हापासनं डोक्यातनं जात नाही. घरी बाबा म्हणतात फुकट कशाला राबतेस, त्यापेक्षा अभ्यास कर. करू का सोडू?"

अगं, सोडू नकोस. पण आत्ता जसं चाललंय तसंही पुढं ढकलू नकोस. तुझ्या पत्रात चार-पाच गोष्टी एकमेकीत गुंतल्यात आणि सगळ्यांचं मूळ एकच आहे, की सुरुवातीला कुणी काही ठरवलंच नाही. सर म्हणाले ये, तू गेलीस. आपल्याकडं असंच असतंय बघ, सरांना कसं विचारायचं किती दिवस, किती तास, माझं काम नक्की काय, उद्धट वाटेल, म्हणून पोरं गप्प बसतात आणि मग सहा महिन्यांनी घरी येऊन आईपाशी रडतात. बाबा बागेत छाटणीला टोळी लावतात तेव्हा आधी एकरी किती ते बोलून घेतात ना, टोळीवाले ओळखीचे असले तरी? तसंच आहे हे. फुकट काम करण्यात कमीपणा काही नाही, न ठरवता करण्यात घोळ आहे.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस, ते बरोबर प्रश्न विचारतायत, फक्त पैशाच्या बाजूनं विचारतायत. तू त्यांना उत्तर द्यायचं तर स्वतःला आधी एक विचार, गेल्या पंधरा दिवसांत मी असं काय केलं जे मला आधी येत नव्हतं? मीडिया बनवायला आला, ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबानं निर्जंतुक करायचं यंत्र, लावता आला, सिरियल डायल्युशन, म्हणजे सॅम्पल टप्प्याटप्प्यानं पातळ करणं, हाताला बसलं, हे सगळं कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये वीस पोरांत एक बॅच करून कधीच बसत नाही, ते तुला मिळतंय. हे चालू आहे तोवर तू शिकतेयस. ज्या दिवशी लक्षात येईल की महिनाभर तेच ते चाललंय आणि का चाललंय हे कुणी सांगतही नाही, त्या दिवशी तू बिनपगारी गडी झालीस असं समज. परदेशातल्या बऱ्याच युनिव्हर्सिटींत व्हॉलंटियर विद्यार्थ्यांसाठी लेखी नियम असतात आणि त्यात साधारण हेच असतं, की पगारी माणसाच्या जागी फुकटचा विद्यार्थी वापरायचा नाही, त्याला शिकवणारा माणूस नेमून द्यायचा, आणि सेफ्टी ट्रेनिंग झाल्याशिवाय कशाला हात लावू द्यायचा नाही.

ग्लासवेअरचं तू जरा रागानं लिहिलंयस. पण ऐक, तुमचं काम फॉस्फेटवर आहे. बऱ्याच डिटर्जंटमध्ये फॉस्फेट असतं. फ्लास्क नीट खंगाळला नाही आणि भिंतीला डिटर्जंट राहिलं तर तू जे फॉस्फेट मोजणार ते बॅक्टेरियानं सोडलेलं की साबणातलं, हे कुणालाच कळणार नाही. म्हणून असल्या कामात काचसामान डायल्यूट हायड्रोक्लोरिक ॲसिडनं धुवून मग डिस्टिल्ड वॉटरनं परत परत खंगाळतात. म्हणजे तू जे धुतलंस त्याच्यावर आख्ख्या प्रोजेक्टची रीडिंग उभी आहेत. हे तुला पहिल्या दिवशी कुणीतरी सांगायला पाहिजे होतं, दोन मिनिटांचं काम होतं, नाही सांगितलं ही त्यांची चूक. पण इथून पुढं तू विचारायचं, "दादा हे असं का करायचं?" लॅबमध्ये येडा प्रश्न असा नसतो, आणि उत्तर देताना जो चिडतो त्याला बहुतेक स्वतःलाच माहीत नसतं.

आता तासांचं. रोज जाणं बंद कर. सरळ सांग, कॉलेज सुरू झालंय, मी आठवड्यातले दोन दिवस येईन, अमुक वार, अमुक वेळ. बॅक्टेरियाचं काम असं असतंय की आज प्लेट लावली तर उद्या-परवा बघायलाच लागते, त्यामुळं दोन दिवस असे निवड की लावायचं आणि मोजायचं दोन्ही तुझ्याकडून होईल, नाहीतर तू नुसती लावत बसशील आणि निकाल दुसराच बघेल. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे येणार नाही हे पण आत्ताच सांगून ठेव. अंदाज यावा म्हणून सांगते, क्रेडिटच्या हिशोबात लॅबचं काम एका क्रेडिटला साधारण ३० तास धरतात. तुझे आत्तापर्यंतचे तास मोज, किती क्रेडिटचं काम फुकटात झालंय बघ, डोळे पांढरे होतील. नवीन पॅटर्नमध्ये फील्ड प्रोजेक्ट आहे, ओजेटी म्हणजे ऑन-जॉब ट्रेनिंग आहे, त्यात हे बसतंय का ते कॉलेजच्या एचओडींना विचार, पण आधी विचार, झाल्यावर मागनं बसवून देत नाहीत.

आणि अभ्यासाचं बाबा म्हणतात ते तुझ्या डोक्यात नीट जाऊ दे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या चौकटीप्रमाणं चार वर्षांच्या डिग्रीत शेवटच्या वर्षी ऑनर्स विथ रिसर्च घ्यायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के किंवा त्याहून जास्त लागतात. लॅबमध्ये पळून पळून तुझं सेमिस्टर घसरलं तर ज्या रिसर्चसाठी तू पळतेयस त्याचंच दार तू स्वतःच्या हातानं लावून घेणार.

आता परवाच्या काउंटवर येऊ, कारण तुझं सगळं पत्र त्याच्यासाठीच आहे, बाकीचं तू भोवती गुंडाळलंयस.

तू काय केलंस हे तुलाही कळलंय. आता ते का झालं ते सांगते. आपल्याकडं बारावीपासनं पोरांना रीडिंग बसवायची सवय लागते. टायट्रेशनला १०.२, १०.२, १०.२ असं तीनदा सेम यायला पाहिजे म्हणून तिसरं करायचंच नाही, फिजिक्सला उत्तर आधी माहीत असतं म्हणून उलटं कॅल्क्युलेशन करून रीडिंग पाडायचं, जर्नल तपासणाऱ्यालाही माहीत असतंय, तोही सही करतो. मी स्वतः कॉलेजात शिकवलंय, हे चालतं कसं ते मला पुरतं ठाऊक आहे. प्रॅक्टिकलमध्ये उत्तर माहीत असतं, बसवलं तर नुकसान तुझं एकटीचं. रिसर्चमध्ये उत्तर कुणालाच माहीत नसतं, तेच शोधायला तर बसलोय, तिथं तू मागच्याच्या आसपास आकडा टाकलास तर त्या रकान्यात मातीचं काहीच नाही, तुझा अंदाज आहे फक्त.

आणि दोन प्लेट्स जुळत नाहीत ही काय नापास होण्यासारखी गोष्ट नाही. उलट तीच माहिती आहे. एकाच डायल्युशनच्या दोन प्लेट्स, एकीवर समजा २१० कॉलनी आणि दुसरीवर ६०, तर कुठंतरी काहीतरी झालंय. ट्यूब नीट हलवली नसेल आणि माती खाली बसली असेल, पिपेटच्या टोकाला थेंब राहिला असेल, स्प्रेडर जास्त गरम असताना टेकवला असेल, ॲगर, म्हणजे प्लेटमधली जेली, ओला असेल आणि कॉलनी एकमेकीत मिसळल्या असतील. मोजण्याजोगी प्लेट साधारण ३० ते ३०० कॉलनीची धरतात, म्हणजे दोन्ही मोजता येण्यातल्याच आहेत, त्यामुळं एक ठेवून एक फेकून द्यायची असंही करता येत नाही. मग काय करायचं? दोन्ही आकडे जसेच्या तसे लिहायचे, शेजारी लिहायचं की जुळत नाहीत, प्लेटचा फोटो काढायचा, आणि परत लावायचं. पिकोव्हस्काया ॲगरवर, म्हणजे न विरघळलेलं फॉस्फेट घातलेल्या खास मीडियावर, काम करत असशील तर अजून एक बघ, त्या पांढुरक्या प्लेटवर ज्या कॉलनीभोवती स्वच्छ गोल पडतो ती फॉस्फेट विरघळवणारी, मग मोजताना एकानं सगळ्या कॉलनी मोजल्या आणि दुसऱ्यानं नुसत्या गोलवाल्या असं तर झालं नाही ना? असलं होतंय, आणि वहीत लिहिलेलं नसलं की कुणालाच सापडत नाही. मोजताना प्लेट उलटी धरून तळाला मार्करनं प्रत्येक कॉलनीला ठिपका देत जा, गोलवालीला वेगळा रंग. दुसऱ्याला दाखवता येतं, वाद राहत नाही.

ते दुरुस्त कसं करायचं ते सांगते. वहीतलं ते पान काढ. फाडायचं नाही, व्हाईटनर लावायचा नाही, वर दुसरा आकडा गिरवायचा नाही. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता यायला पाहिजे. शेजारी खरा काउंट आठवत असेल किंवा मोबाईलमध्ये प्लेटचा फोटो असेल तर त्यावरनं मोजून लिही, नसेल तर स्पष्ट लिही, "आधीचा आकडा अंदाजे होता, वापरू नये." आजची तारीख, तुझी सही. एक्सेलमध्ये तो आकडा गेला असेल तर तिथंही सांग. मग दादाला सांग. त्याला एकट्याला, चारचौघात नाही. "दादा, परवाचा तो काउंट मी दुरुस्त केलाय, सॅम्पल परत लावूया का, मी येते." बास. तो चांगला असेल तर हुश्श करेल. फ्रिजमधली माती परत लावलीस तर आकडा थोडा वेगळा येणारच, साठवलेल्या मातीतले जिवाणू बदलत राहतात, म्हणून कधी गोळा केली आणि कधी लावली या दोन्ही तारखा लिहायच्या.

दादा वाईट असेलच असं नाही हां. पीएचडीवाल्यांचं काय असतंय, फेलोशिप संपत आलेली, गाईड विचारतोय चॅप्टर कुठंय, घरचे विचारतायत लग्न कधी, अशात एक प्लेट जुळत नाही म्हटल्यावर तोंडातनं पटकन निघून जातं. पण परत तसं म्हणाला, किंवा तू खोडलेलं त्यानं परत लिहिलं, तर मग सरांकडं जायचं. चुगली वाटेल तुला, नाहीये ती. उद्या पेपर मागं घ्यायची वेळ आली तर ज्यांची ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना उत्तर द्यायला लागतं, आणि वहीतलं अक्षर तर तुझं आहे.

त्यावरनं आलं, पेपरमध्ये नाव. "नाव टाकू" हे वाक्य लॅबमध्ये फार स्वस्त असतंय. नाव टाकणं ही बक्षिशी नव्हे आणि दादाच्या हातातलीही गोष्ट नव्हे. मेडिकल जर्नल्सच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय कमिटी आहे, आयसीएमजेई, तिचे निकष आता बाकीच्या सायन्सचे लोकही मानतात. चार गोष्टी आहेत आणि चारही लागतात. कामाच्या आखणीत किंवा डेटा मिळवण्यात, त्याचा अर्थ लावण्यात भरीव वाटा, मग पेपर लिहिण्यात किंवा गंभीरपणे तपासण्यात भाग, मग छापायच्या आधी शेवटच्या प्रतीला तुझी मान्यता, आणि चौथं म्हणजे कुणी शंका काढली तर जबाबदारी. नुसत्या प्लेट्स मोजल्या, मीडिया बनवला, तर आभारात नाव येतं, आणि आभारातलं नाव हे काय अपमान नाही. पण तू सॅम्पल मिळवलेत, पुढं मोजमापही तूच करणार असशील, तर तुझा पहिल्या निकषाचा दावा आहे, आणि त्याच नियमात असंही आहे की पहिला निकष ज्यानं पूर्ण केला त्याला लिहिण्यात भाग घ्यायची संधी द्यायला पाहिजे. म्हणजे तू मागायचं ते नाव नाही, काम मागायचं. "सर, मटेरियल्स अँड मेथड्समधला सॅम्पलिंगचा भाग मी लिहून बघू का?" असं म्हण. इंग्रजीची भीती वाटेल, वाटू दे, लिही, ते खोडून लाल करून देतील, तेच तर शिक्षण. फक्त लिहिताना दुसऱ्याच्या पेपरातली वाक्यं उचलू नकोस, यूजीसीचे २०१८ चे वाङ्मयचौर्याचे नियम आहेत, सॉफ्टवेअर पकडतं.

आणि कुणी म्हणालं की पेपर छापायला पाच पोरांत पैसे वाटून घेऊ, तू एवढे दे, तर देऊ नकोस. व्हॉट्सॲपवर येतात बघ त्या जाहिराती, आठ दिवसांत पेपर पब्लिश, सर्टिफिकेट फ्री. असल्या जर्नलमधलं नाव पुढं एमएस्सीच्या, पीएचडीच्या इंटरव्ह्यूला अंगावर येतं. यूजीसीची केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, होती ती बंद करत असल्याचं त्यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं, त्यामुळं आता जर्नल पारखायचं काम ज्याचं त्याला करायला लागतं, आणि हे काम भाग २ च्या पोरीचं नाही, सरांचं आहे. अशीच दुसरी एक गोष्ट, आविष्कार या विद्यार्थ्यांच्या संशोधन स्पर्धेला हे काम घेऊन जायचा विचार डोक्यात आला असेल तर आधी सरांची परवानगी घे. स्पर्धा चांगली आहे, २००६ पासनं राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकारानं चाललीय, पदवीच्या पोरांना वेगळा गट असतो, पण लॅबचा डेटा लॅबचा असतो, तू मोजलास म्हणून तुझा एकटीचा होत नाही. त्यातला एक छोटा तुकडा वेगळा काढून मागितलास तर बहुतेक सर हो म्हणतात.

बागांचं मात्र तू पत्रात एका ओळीत उरकलंस आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्या शेतकऱ्यांनी माती दिली ती सरांकडं बघून नाही, तुझ्या बाबांकडं बघून दिली. त्यांना काय सांगितलं होतंस? बहुतेकांना वाटत असणार की पोरगी माती तपासून आणतेय म्हणजे खत किती टाकायचं त्याचा रिपोर्ट येणार. तसा येणार नाहीये, तुम्ही बॅक्टेरिया मोजताय, पीएच आणि नत्र-स्फुरद-पालाश नाही. हे त्यांना आत्ताच जाऊन सांग, नाहीतर ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर चार जण दारात येतील, पोरी आमचा रिपोर्ट कुठंय. जे काही निघेल ते मराठीत एका कागदावर लिहून प्रत्येकाला देऊ का असं सरांना विचार, सर नाही म्हणायचं कारण नाही, उलट असलं काम केलेलं लॅबलाही शोभतं. आणि त्यांची नावं, गट नंबर, फोन नंबर हे एक्सेलमध्ये असतील तर काढून बाग १, बाग २ असं कर, मूळ यादी एकाकडंच राहू दे, ग्रुपवर फिरवू नका. कुठल्या बागेत काय फवारलं हे विचारलं असेल तर जास्तच सांभाळ, माल एक्सपोर्टला जाणाऱ्याला असली माहिती बाहेर गेलेली परवडत नाही आणि गावात कुणी कुणाचं गुपित ठेवत नाही. पुढं कधी माणसांचं रक्त, लाळ, आजाराची माहिती असलं काही गोळा करायला सांगितलं तर एथिक्स कमिटीची परवानगी झालीय का हा पहिला प्रश्न, ती नसेल तर हात लावायचा नाही.

हां, स्वतःच्या बागेची माती घेतानाही नियम तोच, बांधाकडची नको, शेणखताच्या ढिगाजवळची नको, झाडाच्या सावलीतली नको, प्लॉटभर नागमोडी फिरून सात-आठ ठिकाणची घे, मिसळ, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून दे, असं अर्धा किलोपर्यंत आण. बॅक्टेरियासाठी असेल तर उन्हात वाळवायची नाही, थंड डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. आपली बाग म्हणून चांगल्या वेलीखालची उचलू नकोस म्हणजे झालं.

सेफ्टीचं तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे कुणी सांगितलंच नसणार, म्हणून पटापट सांगते. चप्पल घालून लॅबमध्ये जायचं नाही, बंद बूट, ॲप्रन, केस बांधलेले, ओढणी काढून ठेवलेली. स्पिरिट मारून हात पुसले की लगेच बर्नरपाशी नेऊ नकोस, लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या त्या कामाच्या कपाटात, आगी अशाच लागतात. लॅमिनारचा यूव्ही चालू असताना हात आत घालायचा नाही. ऑटोक्लेव्हचा काटा शून्यावर आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, कुणी कितीही घाई करू दे. तोंडानं पिपेट ओढायची नाही, मागच्या पिढीनं ओढल्या म्हणून तू ओढायच्या असं नाही. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. जेवणाचा डबा लॅबच्या फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, तिथं कल्चर म्हणजे वाढवलेले जिवाणू असतात. संध्याकाळी एकटीनं लॅबमध्ये थांबायचं नाही, शेवटची एसटी चुकेल म्हणून पण आणि काही सांडलं, भाजलं तर बघायला कुणी नाही म्हणून पण.

आणि हे जरा नीट वाच. कुणी नको तसं वागलं, बोललं, रात्रीबेरात्री मेसेज केले, तर तू त्या युनिव्हर्सिटीची विद्यार्थिनी नाहीस म्हणून तुझी तक्रार घेत नाहीत असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांत स्पष्ट आहे, की दुसऱ्या कॉलेजची विद्यार्थिनी ज्या संस्थेत कुठल्याही उपक्रमाला गेलीय तिथं तिच्याबाबतीत लैंगिक छळाचा प्रकार घडला तर तिला त्याच संस्थेची विद्यार्थिनी धरायचं. तिथल्या अंतर्गत तक्रार समितीकडं थेट जाता येतं. तुझ्या लॅबमध्ये असं काही आहे असं मी म्हणत नाहीये, पत्रातनं तसं दिसलंही नाही, पण माहीत असावं.

लेटर मात्र घ्यायचंच. डिपार्टमेंटच्या लेटरहेडवर, कुठल्या तारखेपासनं कुठल्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, कुणाच्या हाताखाली, काय काम. आणि तुझ्या कॉलेजकडनं ना हरकत पत्र. हे नसेल तर कागदावर तू तिथं नाहीसच, उद्या काही लागलं, कापलं तर तू तिथं काय करत होतीस यावरनंच सुरुवात होईल. कॉलेजचा विद्यार्थी विमा असेल तर त्यात हे बसतं का तेही ऑफिसात विचारून घे. प्रवासाचं म्हणशील तर बायकांना एसटीत २०२३ पासनं हाफ तिकीट आहे हे खरं, पण हाफ तिकीटही रोज काढलं की महिन्याला जाणवतं, त्यामुळं प्रोजेक्टला ग्रँट असेल तर सॅम्पलिंगच्या फेऱ्यांचं भाडं मागायला लाजू नकोस, फील्डवर्कचा खर्च हा बहुतेक ग्रँटमध्ये धरलेला असतो.

पैसे मिळतील असे रस्तेही आहेत, ते बाबांना सांग. देशातल्या तीन सायन्स अकॅडमी मिळून उन्हाळ्याची रिसर्च फेलोशिप देतात, दोन महिने चांगल्या संस्थेत काम, स्टायपेंडसकट, अर्ज साधारण दिवाळीच्या पुढंमागं निघतात, पात्रता त्या वर्षीच्या नोटीसमध्ये बघायची. त्या अर्जाला शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं आणि तू आत्ता जे करतेयस ते तिथं लिहिता येतं. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात असशील आणि केंद्र सरकारची इन्स्पायर स्कॉलरशिप चालू असेल तर त्यातल्या वर्षाच्या ८० हजारांतले २० हजार उन्हाळी रिसर्च प्रोजेक्टसाठीच असतात, मग तर सुट्टीतलं हे काम तिथं दाखवता येतंय का ते आजच बघ.

सोडायची वेळ आलीच तर अशी सोड, की मधेच गायब व्हायचं नाही. पंधरा दिवस आधी सांगायचं, वही तिथंच ठेवायची, ती लॅबची असते, हवे तर तुझ्या पानांचे फोटो विचारून घ्यायचे, ट्यूबवर नीट लेबल लावून, कुठं काय ठेवलंय त्याची यादी देऊन यायचं. फुकट काम करणाऱ्याला कुणी बांधून ठेवू शकत नाही, आणि सर्टिफिकेट अडकवीन असं कुणी म्हणालं तर कॉलेजच्या ज्या सरांच्या ओळखीनं गेलीस त्यांना मधे घे.

सरांना मेसेज काय करायचा तेही लिहून देते, तुला सुचणार नाही म्हणून नाही, पण तू पाच वेळा लिहून खोडशील. "नमस्कार सर, कॉलेज सुरू झाल्यामुळं मला आता आठवड्यातनं दोनच दिवस येता येईल, मंगळवार आणि शुक्रवार दुपारनंतर. या सेमिस्टरमध्ये माझं काम नक्की काय असेल आणि मी काय शिकावं असं आपल्याला वाटतं, याबद्दल दहा मिनिटं बोलायचं होतं. कॉलेजमध्ये देण्यासाठी डिपार्टमेंटचं लेटरही हवं होतं. तसंच एका सॅम्पलच्या काउंटमध्ये माझ्याकडून चूक झालीय, ती वहीत दुरुस्त केलीय, दाखवायची आहे." वार तुझ्या टाइमटेबलप्रमाणं बदल. दादाशी बोलल्यावरच पाठव, आधी नको. दोन-तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर डिपार्टमेंटला जाऊन समोरासमोर बोल, फक्त गुरुवारी जाऊ नकोस, गुरुवारी लॅब मीटिंग असते आणि सर कुणाचं ऐकत नाहीत असं तूच लिहिलंयस.